रखमाबाईंचा नकार फलकावरून पुसू नका

मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
नव्या स्त्री रुग्णालयाची उद्घाटन समिती

सप्रेम नमस्कार.

बालाघाटाच्या डोंगरावरच्या आपल्या तालुक्याला स्त्री रुग्णालय मिळतंय, याचा आनंद मला तुमच्याइतकाच आहे, कदाचित जास्तच. या डोंगरात एकतीस वर्षं मी आरोग्य सेविका होते. बाळंतीण बाजेवर घालून ओढा ओलांडताना मी बाजेचा एक खूर धरलेला आहे. म्हणून प्रसूती कक्षाबाहेरच्या भिंतीवर लावायच्या फलकांपैकी डॉ. रखमाबाईंचा मजकूर लिहायला तुम्ही मला सांगितलं, तेव्हा तो मी मोठा मान समजले. तीन आठवडे वाचलं, लिहिलं, खोडलं आणि बारा ओळी करून दिल्या. त्यांत रखमाबाईंचा कोर्टातला खटलाही होता.

गेल्या सोमवारी छापून आलेला नमुना पाहिला. बारापैकी पाच ओळी उरल्या आहेत. त्यांत एक वाक्य असं आहे: ‘बालपणी विवाह होऊनही पतीच्या पाठिंब्याने विलायतेस जाऊन त्या डॉक्टर झाल्या.’

हे वाक्य मी लिहिलेलं नाही आणि ते खरंही नाही.

मी समितीतल्या एका सदस्यांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘सिस्टर, दवाखान्यात कोर्टकचेरी कशाला? शुभ काम आहे. उद्या पोरींच्या डोक्यात भलतंच काही शिरलं तर लोक आपल्याला नावं ठेवतील.’’ ते भले गृहस्थ आहेत, त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण हा विषय फोनवर मिटण्याएवढा लहान नाही. रुग्णालय लोकांच्या पैशातून उभं राहिलं आहे, तेव्हा हे पत्र लोकांनीही वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

पतीच्या पाठिंब्याने शिकल्या त्या डॉ. आनंदीबाई जोशी. गोपाळरावांनी त्यांना शिकवलं, १८८३ साली अमेरिकेला पाठवलं आणि मार्च १८८६ मध्ये त्या पेनसिल्व्हेनियातून एम.डी. झाल्या. पण मायदेशी परतल्या त्या आजारी होऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या तेव्हा वयाची बावीस वर्षंही पुरी झालेली नव्हती. त्यांचं मोठेपण मला शिरसावंद्य आहे. पण त्यांची गोष्ट रखमाबाईंच्या अंगावर चढवता येत नाही, कारण दोघींच्या गोष्टी नेमक्या उलट आहेत. आनंदीबाई गेल्या त्यानंतर सहाच दिवसांनी, ४ मार्च १८८७ रोजी, मुंबईच्या हायकोर्टात रखमाबाईंना हुकूम झाला: नवऱ्याच्या घरी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात.

हा हुकूम मी फलकावर लिहिला होता. तो खोडला गेला, म्हणून इथे सगळं सविस्तर सांगते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४, मुंबईचा. आई जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या तेव्हा मुलगी अडीच वर्षांची होती. जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी लग्न केलं. सुतार समाजात विधवेच्या लग्नाला मज्जाव नव्हता. हे सखाराम अर्जुन डॉक्टर होते, वनस्पतींचे मोठे जाणकार होते. सावत्र बाप म्हटलं की आपल्या मनात जे येतं, त्यातलं त्यांच्यात काही नव्हतं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लागलं. दादाजी तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. लग्नानंतरही मुलगी माहेरीच राहिली आणि घरी बसून पुस्तकं वाचत शिकत गेली. वर्षं गेली, तसं तिचं ठरत गेलं की या माणसाबरोबर नांदायचं नाही.

१८८४ साली दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. जाणतेपणी संमती न देता लग्न लागलेल्या, कधी नवऱ्याकडे न राहिलेल्या बाईला बळजबरीने त्याच्या हवाली करणं त्यांना मान्य नव्हतं. देशभर गदारोळ झाला. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून या निकालाला कडाडून विरोध केला. दादाजी अपिलात गेले, खटला पुन्हा चालला आणि न्यायमूर्ती फॅरन यांचा तो मार्चमधला हुकूम आला.

बावीस वर्षांच्या त्या बाईने सांगितलं, तुरुंगात जाईन, पण नांदायला जाणार नाही.

तिच्या पाठीशी माणसं नव्हती असं नाही. समाजसुधारक बेहरामजी मलबारी होते, रमाबाई रानडे होत्या, बचावासाठी समिती झाली होती. पण भर अदालतीच्या निकालापुढे ‘नाही’ म्हणायची वेळ आली तेव्हा ते तिला एकटीलाच म्हणावं लागलं. खटल्याच्या काळातच, १८८५ साली, सखाराम अर्जुनही गेले होते. त्याच वर्षी ‘अ हिंदू लेडी’ या नावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर पत्रं आली होती. ती लिहिणाऱ्या याच. अखेर १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. त्यानंतर रखमाबाई विलायतेला गेल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी मदत केली, इंदूरचे महाराज शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये दिले. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून, पदवी घेऊन त्या परतल्या आणि १८९५ पासून आधी सुरतेच्या आणि मग राजकोटच्या बायकांच्या दवाखान्यात मिळून सुमारे पस्तीस वर्षं त्यांनी काम केलं. १९५५ साली गेल्या तेव्हा नव्वद वर्षांच्या होत्या.

यातून खटला काढला तर काय उरतं? एक बाई, एक पदवी, दोन गावं. माझी पहिली तक्रार हीच आहे. ज्या नवऱ्याशी त्या चार वर्षं लढल्या, त्याच नवऱ्याच्या पाठिंब्याचं श्रेय तुमचा फलक त्याला देतो. डॉक्टर होण्याची वाट त्यांना कोणी काढून दिली नव्हती. ती त्यांच्या नकारातून निघाली होती.

आता माझा या गोष्टीशी काय संबंध, तेही सांगते. हे मी आजवर चारचौघांत बोललेले नाही.

१९९६ सालची गोष्ट. माझ्या उपकेंद्राच्या गावात आठवीतली एक मुलगी होती. दुपारी शाळा सुटली की उपकेंद्रात यायची आणि भिंतीवरच्या तक्त्यांवरची अक्षरं मोठ्याने वाचायची. एकदा जंतुसंसर्ग हा शब्द अडला तर मला तीनदा विचारून पाठ केला. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. कारण तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. आईबाप सहा महिने ऊसतोडीला साखर कारखान्यावर जाणार, वयात आलेली पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळतात ते कोयत्यावर आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात, त्याला अर्धीच किंमत. पोरगी उजवली की इकडची जोखीम जाते आणि तिकडचा कोयता पुरा होतो. मी त्या लग्नाला गेले. अक्षता टाकल्या, जेवले आणि आहेराचं पातळ घेऊन घरी आले.

पुढच्या हंगामात ती पोटुशी असतानाच तोडीला गेली. जायच्या आधी मी नोंदवहीत तिची नोंद केली आणि वयाच्या रकान्यात १९ लिहिलं. तिच्या सासूने तसं सांगितलं होतं आणि सगळ्या सेविका तेव्हा तेच लिहायच्या. एकोणीस लिहिलं की कोणी वर विचारत नाही. खरं वय पंधरा होतं.

उसाच्या फडाच्या कडेला कोपीत, म्हणजे झोपडीत, दिवस भरायच्या आतच ती बाळंत झाली. बाळ तिकडेच गेलं. तिला तापाने फणफणलेली परत आणली तेव्हा डोळ्यांच्या पापण्या पांढऱ्याफटक होत्या. आम्ही जीपमध्ये घातली. घाट उतरायच्या आत गाडी परत फिरवावी लागली.

तिचं नाव मी लिहीत नाही, तिची माणसं गावातच आहेत. नोंदवहीतला तो एकोणीसचा आकडा मात्र माझ्या हातचा आहे.

त्यानंतर अठराच्या आतल्या कुठल्याही लग्नाला मी गेले नाही. पण न जाण्याने काय होतं? लग्न माझ्यावाचून लागायचंच. रखमाबाई मला पुष्कळ उशिरा भेटल्या, तालुक्याच्या वाचनालयात, पन्नाशीच्या आसपास. आमच्या प्रशिक्षणात आनंदीबाईंचं नाव ऐकलं होतं, यांचं कधीच नाही. त्यानंतर प्रत्येक किशोरी मेळाव्यात मी रक्तवाढीच्या गोळ्या वाटून झाल्या की ही गोष्ट सांगायचे. पदवी कुठल्या साली मिळाली, हे आजवर एकाही मुलीने विचारलेलं नाही. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न यायचा: ‘‘मग बाई, त्यांना जेलात टाकलं का?’’ नाही, शेवटी जावं लागलं नाही, असं सांगितलं की सगळ्या मुली श्वास सोडायच्या. एका वस्तीवर नववीतल्या मुलीने घरी जाऊन बापाला तेच ऐकवलं, की मला जेलात घाला पण यंदा लग्न नको. बाप दोन दिवस बोलला नाही. मग लग्न लांबलं, तीन वर्षं लांबलं. तेवढ्यात पोरगी बारावी झाली, अठरा पुरी झाली.

‘भलतंच काही डोक्यात शिरणं’ म्हणतात ते हे असेल, तर ते शिरावं म्हणूनच मी तो मजकूर लिहिला होता.

दुसरी तक्रार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या ज्या बायकांची लग्नं अठराच्या आत झाली, त्यांचं प्रमाण सबंध राज्यात २१.९ टक्के आहे. परभणीत ते ४८ आहे, बीडमध्ये ४३.७. म्हणजे आपल्या प्रसूती कक्षाबाहेर बाकावर बसलेल्या दहा सुनांपैकी चार-पाच जणी रखमाबाईंच्याच वाटेने आलेल्या असणार. त्यांच्या डोळ्यांसमोर लागणाऱ्या फलकावरून नेमकं त्यांचंच दुखणं तुम्ही पुसलंत. आपल्याकडच्या बायांचं शरीर लवकर झिजतं, हे तरी आता कोणाला सांगायला नको. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कोवळ्या वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणं, डोक्यावर मोळ्या, खाडा पडला तर दंड आणि मग पोटात दुखतं म्हणून पिशवीच काढून टाकायची. ही सगळी माळ लग्नाच्या वयापासून ओवली जाते. स्त्री रुग्णालयाने त्यावर गप्प राहायचं, तर बोलायचं कोणी?

तिसरी तक्रार मजकुराच्या शेवटच्या दोन ओळींबद्दल. त्यात मी कायदा लिहिला होता. तुम्ही म्हणालात, फलकावर कलमं शोभत नाहीत. पण ते कलम किती जणांना माहीत आहे, हे एकदा तुमच्या तुम्ही विचारून पाहा. २००६ च्या बाल विवाह प्रतिबंध कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे, अठराच्या आत लग्न लावून दिलेल्या मुलीला ते लग्न जिल्हा न्यायालयातून रद्द करून घेता येतं. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तिने अर्ज करायचा. अज्ञान असेल तर पालक किंवा जवळचं माणूस बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याबरोबर तो अर्ज करू शकतं. लग्नात दिलेलं-घेतलेलं परत करायची तरतूद आहे, खावटी आणि राहण्याची सोय मागता येते, मूल असेल तर त्याचं औरसपण जात नाही. रखमाबाईंना चार वर्षं, दोन हजार रुपये आणि तुरुंगाची धमकी सोसून जे मिळालं, ते आपल्या मुलीला आज कायद्याने मागता येतं. पण ती मुदत कोणी सांगितलेलीच नसल्याने संपून जाते. गावात तो अधिकारी म्हणजे आपला ग्रामसेवक, हेही बहुतेकांना ठाऊक नाही. माझ्या एकतीस वर्षांत असा अर्ज केलेली एकही मुलगी मी पाहिली नाही.

लोक दवाखान्यात येणार नाहीत, ही भीती तुम्ही बोलून दाखवलीत. ती मी मनावर घेतली, कारण ती अगदीच खोटी नाही. अठराच्या आतली गरोदर मुलगी आली की आज पोलिसांना कळवावं लागतं आणि त्या धाकाने घरची माणसं तिला खासगीत नेतात किंवा वय वाढवून सांगतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण तो धाक बाहेरच्या फलकाने येत नाही. तिला आत आल्यावर जी वागणूक मिळते, तिने येतो. ‘एवढ्या लहान वयात हे उद्योग’ असं टेबलावर पडलेल्या पोरीला ऐकवणारी माणसं आपल्यातच आहेत. त्यांना आवरा.

चौथं, आणि हे थोडक्यात: पन्नास खाटांच्या या रुग्णालयात अजून एकही स्त्रीरोगतज्ज्ञ बाई रुजू नाही, भूलतज्ज्ञ नाही, रक्त साठवायची सोय नाही. फीत कापल्यानंतर पहिली अडलेली बाळंतीण आली तर तिला १०८ मध्ये घालून पुढे पाठवण्याशिवाय तिथे काही होणार नाही. रखमाबाईंचा फोटो भिंतीवर आणि त्यांच्या जागेवरची खुर्ची रिकामी, असं होऊ नये.

आणि तारीख. उद्घाटनाला २२ नोव्हेंबर, म्हणजे रखमाबाईंचा जन्मदिवस, मीच सुचवला होता. ती माझी चूक झाली. त्या दिवसापर्यंत ऊसतोडीच्या टोळ्या गेलेल्या असतील. ज्या बायांसाठी हे बांधलं त्या फडात असतील आणि मांडवात आपण आपलेच आपण.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. ‘पतीच्या पाठिंब्याने’ हे वाक्य काढा. ते खोटं आहे आणि ते काढायला कुठल्या ठरावाची गरज नाही. खटल्याच्या आणि कायद्याच्या ओळी जशाच्या तशा परत घ्या, खाली चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मोठ्या अक्षरात टाका. फलक जमिनीपासून एवढ्याच उंचीवर लावा की बाकावर बसलेल्या बाईला मान वर न करता वाचता येईल. तज्ज्ञ डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि रक्त साठवण केंद्र यांच्या तारखा उद्घाटनाच्या आधी जाहीर करा. त्या देता येत नसतील तर उद्घाटन पुढे ढकला, कोणाचं काही बिघडत नाही. टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्याच्या आसपास, रुग्णालयाच्या अंगणात बायांना आणि मुलींना बोलवा. गोष्ट सांगायला मी येईन. आणि समितीतले जे सदस्य पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत आहेत त्यांना वेगळी विनंती: हंगामी वसतिगृहं टोळ्या गेल्यावर महिन्याभराने नव्हे, टोळ्या निघायच्या आधी सुरू करा. मुलगी मागे ठेवायला सुरक्षित जागा असेल तर पुष्कळ बाप लग्नाची घाई करणार नाहीत. हे मला बापांनीच सांगितलेलं आहे.

शेवटची मागणी तुमच्या प्रत्येकाकडे, माणूस म्हणून. येत्या लगीनसराईत पत्रिका आल्यावर मुलीचं वय विचारा. अठरा भरत नसतील तर जाऊ नका, आणि का येत नाही ते मुलीच्या बापाला सांगा. मी १९९६ मध्ये सांगितलं नव्हतं.

फलकाचा मजकूर पुन्हा लिहून खाली देत आहे. बारा ओळींचा होता, आता आणखी आखूड केला आहे, म्हणजे जागा पुरत नाही अशी अडचण येऊ नये.

कळावे,
आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका

फलकाचा मजकूर

डॉ. रखमाबाई (१८६४–१९५५)
अकराव्या वर्षी लग्न लागले. मोठ्या झाल्यावर त्यांनी नांदायला नकार दिला.
१८८७ साली कोर्टाने हुकूम केला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.
पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. सुरत आणि राजकोट येथे सुमारे पस्तीस वर्षे बायकांवर उपचार केले.
तुझे लग्न अठराच्या आत झाले असेल, तर ते रद्द करून मागायचा हक्क तुला आहे. अठरा पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.
आतल्या सिस्टरला विचार. फोन: १०९८